सगळे दिवे हिरवे

मी काय काम करतो हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. शिरूर अनंतपाळला आमच्या गल्लीत कुणी विचारलं तर ती म्हणते, "लातूरला कंप्युटरचं काय तरी करतंय." त्यात चूक काही नाही, पण कंप्युटरचं काय तरी करणारे लातुरात गल्लोगल्ली पडले आहेत. माझं काम थोडं वेगळं आहे. मोठ्या संस्थांचा सगळा डेटा साठवायला डिस्कची एक पेटी असते, तिला आम्ही स्टोरेज म्हणतो. ती पेटी आणि ती वापरणारा सर्व्हर, या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच माझं काम. सोयरीक जुळवणारा माणूस करतो तसंच. गाठ पडली, सही घेतली, की आम्ही मोकळे. पुढचा संसार त्यांचा त्यांनी बघायचा.

त्या पेटीला दोन कंट्रोलर असतात. डिस्कवर काय लिहायचं, कुठून वाचायचं, हे सगळं कंट्रोलर बघतो. दोन अशासाठी की एक मेला तर दुसऱ्याने काम उचलावं. सर्व्हरलाही दोन पोर्ट असतात. एका पोर्टातून निघालेली केबल पहिल्या कंट्रोलरला जायची, दुसऱ्यातून निघालेली दुसऱ्या कंट्रोलरला. दोन वाटा, दोन वेगळ्या दारांपर्यंत. एवढं समजलं की या धंद्यातलं निम्मं समजलं. हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याची नोकरी माझ्यामुळं गेली. गेली म्हणजे आपोआप गेली असं नाही. मी टेबलापाशी बसलो होतो आणि ती जाताना बघत होतो.

त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मूळचे देगलूरकडचे, घरात तेलुगू, बाहेर आपली मराठी, राहायला नांदेडात. वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. आमची कंपनी पुण्याची, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचं काम आम्हा तिघांवर. त्या तिघांत पेटी बनवणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट फक्त अण्णांकडं होतं. नियम असा, की पेटी बसवल्याचा अहवाल त्या कंपनीच्या वेबसाइटवर सर्टिफिकेटवाल्यानेच भरायचा, त्याच्याच लॉगिनने. आणि अहवाल भरल्याशिवाय वॉरंटी सुरू होत नाही.

आता एक माणूस किनवटपासून निलंग्यापर्यंत कुठं कुठं पुरणार? आम्हा बाकीच्यांना परीक्षेला बसवा म्हटलं तर पुण्याचे साहेब म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी. तोवर मॅनेज करा." आम्ही मॅनेज केलं. अहमदपूरच्या बसस्टँडवर चहा पिता पिता अण्णांनी मला आपला पासवर्ड सांगितला, मी तो मोबाइलमध्ये लिहून घेतला. तेव्हापासून काम मी करायचो आणि अहवालाखाली नाव अण्णांचं उमटायचं. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. मराठवाड्यात सगळेच असं करतात. एकाचं सर्टिफिकेट आणि त्याच्याआड चार जणांची पोटं.

लॉगिन देताना अण्णांनी एकच अट घातली होती. "काम झालं की गिऱ्हाईकाला बोलवायचं. त्याच्या डोळ्यादेखत एक केबल उपसायची. स्क्रीनवरचं चालू राहिलं तरच सही मागायची. अन् त्याच्या आधी दोन्ही केबली हातानं चाचपत न्यायच्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिव्याकडं बघून काम संपवायचं न्हाई. समजलं का?"

"समजलं."

"लेका, सगळेच समजलं म्हणतेत."

लातुरातल्या एका मोठ्या क्लासची ऑर्डर आली तेव्हा अण्णा किनवटला दुसऱ्या कामात अडकले होते. म्हणून मी एकटा गेलो. क्लास म्हणजे काय ते लातुरात सांगावं लागत नाही. जळकोटपासून परभणीपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन राहतात. या क्लासचे मालक उदगीरच्या आडत्याच्या घराण्यातले. कपाळाला रोज विभूती, बोलायला गोड, आणि एकदा डोक्यात काही बसलं की निघत नाही. सरांची सगळी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, दर आठवड्याच्या चाचण्या, प्रत्येक पोराचे मार्क, हे सगळं त्या नव्या पेटीत जायचं होतं.

पहिला दिवस मजेत गेला. खोटं कशाला सांगू, या कामात मला आनंद होतो, आजही होतो. पेटी रॅकमध्ये बसवली. सर्व्हरच्या दोन्ही पोर्टांचे सोळा-सोळा अक्षरी नंबर स्टोरेजला सांगितले, म्हणजे दार कुणाला उघडायचं ते त्याला कळतं. डिस्कांचा एक गट केला, त्यातून एक मोठा तुकडा कापला आणि तो सर्व्हरच्या नावे केला. सर्व्हरला तो तुकडा दोनदा दिसला, कारण वाटा दोन होत्या. त्याला वाटलं या दोन वेगळ्या डिस्क आहेत. मग दोन्ही वाटांनी दिसतोय तो एकच आहे, हे त्याला समजावणारी सोय चालू केली. दोनाचा एक झाला. संध्याकाळी मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पूजा होती. मी नऊला पोचलो तर पेटीच्या तोंडावर पिवळा दिवा लागलेला. दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टातलं मॉड्यूल गेलं होतं. मॉड्यूल म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा, पोर्टात बसतो आणि त्यात केबल खोचायची. तो मेला की ती वाट बंद. पुण्याला फोन केला. म्हणाले, कुरिअरने पाठवतो, चार-पाच दिवस लागतील. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. चार-पाच दिवस एका वाटेवर काम चाललं असतं आणि दिवा पिवळा राहिला असता. खरं तर तो दिवा त्यासाठीच असतो.

मालक आत आले ते सोवळ्यात. मागून जंगम स्वामी, पूजेचं ताट, फुलांची परडी.

"ह्यो पिवळा दिवा कायचा?"

मी सांगितलं.

"ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा. पूजेला बसताना सगळे दिवे हिरवे पाहिजेत. मागच्या मशीनच्या टायमाला बी असंच लाल दिसायलतं, मी म्हणलं जाऊ द्या. वर्षात बसलं ते मशीन."

"सर, पाच दिवसांत पार्ट येतो. पूजा त्या दिवशी..."

"पाहुणे अहमदपूरहून निघालेत. स्वामी येऊन बसलेत. मुहूर्त तुमच्या कुरिअरवर ठरवू का?"

त्यांच्यावर राग काढायला मला आजही आवडेल. पण त्यांनी फक्त हिरवा दिवा मागितला होता. तो कसा आणायचा ते माझ्या हातात होतं. मी मागं गेलो, मेलेलं मॉड्यूल काढून घेतलं, दुसऱ्या कंट्रोलरची केबल उचलली आणि पहिल्याच कंट्रोलरच्या शेजारच्या रिकाम्या पोर्टात खोचली. मॉड्यूल आत पक्कं जोडलेला असा जादा पोर्ट त्या पेटीत तेवढा एकच होता. स्टोरेजमध्ये दोन बटणं दाबून तक्रार मिटवली. पाच मिनिटांत सगळे दिवे हिरवे. सर्व्हरला विचारलं तर तो म्हणाला, दोन वाटा आहेत, उत्तम आहे. दोन्ही वाटा एकाच दाराशी जातात हे तो बिचारा काय सांगणार!

अण्णांना फोन करायला हवा होता. किनवटला रेंज नसते, असं मी स्वतःला सांगितलं. लावून मात्र बघितला नाही.

स्वामींनी पेटीच्या झाकणावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. नारळ खोलीबाहेर फोडा म्हणून मी विनंती केली, ती मानली. पाहुणे आले, पक्षाचे एक पुढारी, त्यांना शाल, मला सुपारी. सगळं आटोपलं असं वाटत असतानाच मालक म्हणाले, "तुमचे ते अण्णा उदगीरच्या माझ्या भावाकडं वायर काढून दाखवत होते, ते दाखवा की पाहुण्यांना."

मी काय सांगणार होतो? स्क्रीनवर एका सरांचं रसायनशास्त्राचं व्याख्यान लावलं. मागं गेलो आणि एक केबल उपसली. सर बोलतच राहिले. टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले, "वायर काढली तरी बोलणं थांबंना. आमच्या पक्षात असले लई जण हायेत!" सगळे हसले, मीही हसलो. अण्णांनी जी गोष्ट खरेपणासाठी करायला शिकवली होती, तिचा मी असा तमाशा केला. ओढलेली केबल खरी, चालू राहिलेलं व्याख्यान खरं, आणि चाचणी धडधडीत खोटी.

संध्याकाळी अण्णांच्या लॉगिनने अहवाल भरला. 'दोन्ही कंट्रोलरना स्वतंत्र जोडणी आहे का?' हो. 'एक वाट बंद करून चाचणी घेतली का?' हो. खाली त्यांचं नाव आणि सर्टिफिकेटचा नंबर आपोआप आला.

तेवढ्यात त्यांचाच फोन. किनवटला रेंज होती म्हणायची.

"झालं का रे? केबल ओढून दाखवलास का?"

"दाखवली."

"शाब्बास."

पाचव्या दिवशी मॉड्यूल आलं. मी ते बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं. पुढच्या वर्षभरात त्या क्लासला माझ्या तीन-चार खेपा झाल्या, कधी प्रिंटरसाठी, कधी नेटसाठी. पहिल्या खेपेला मी रॅकचं मागचं दार उघडलं होतं. मालक आले. "चालतंय न्हवं? मग कायला हात लावायलाव?" चालतंय तर हात लावू नको, ही आमच्या भागाची श्रद्धा आहे. ट्रॅक्टरपासून नात्यांपर्यंत सगळीकडं लागू. मी दार लावून घेतलं. केबल हलवायला दहा मिनिटं पुरली असती, पण का हलवतोय ते सांगावं लागलं असतं, आणि ते मला सांगायचं नव्हतं. पुढच्या खेपांना मी त्या खोलीत गेलोच नाही. मॉड्यूल बॅगेत होतं. बॅग रोज माझ्या खांद्यावर होती.

पुढच्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. सर्व्हरच्या खोलीतला एसी मालकांनी काढून पालक बसतात त्या खोलीत लावला होता. पालकांना घाम येऊ नये, पेटीला आला तर आला! मोठ्या परीक्षेआधीची शेवटची सराव परीक्षा चालू होती, भर दुपार, सगळी पोरं स्क्रीनसमोर. पहिला कंट्रोलर तापून मेला. दुसऱ्या कंट्रोलरनं आपलं कर्तव्य चोख केलं, एका क्षणात सगळ्या डिस्क ताब्यात घेतल्या आणि सर्व्हरची वाट बघत बसला. त्याच्यापर्यंत एकही केबल जात नव्हती. सर्व्हरच्या दृष्टीनं लिहिता लिहिता कागदच नाहीसा झाला. सगळे स्क्रीन एकदम गोठले.

मी पोचलो तेव्हा जिन्यावर पोरांची गर्दी, मालक फोनवर ओरडतायत. मी त्याच वेळी मागं जाऊन केबल बदलायला हवी होती. मी जिन्यातच थांबलो. अण्णांना फोन लावला. ते नांदेडहून मोटरसायकलवर निघाले, लोह्यावरून, अहमदपूरवरून, त्या उन्हात. आले ते डोक्याचा रुमाल न सोडता सरळ खोलीत, रॅकच्या मागं. गुडघ्यावर बसले आणि पहिली केबल चिमटीत धरून सर्व्हरपासून चाचपत नेली. मग दुसरी. दोन्ही वेळा त्यांचा हात एकाच कंट्रोलरशी जाऊन थांबला.

"मॉड्यूल आलं न्हवतं का?"

"आलं होतं."

"कुठं हाय?"

"बॅगेत."

त्यांनी हात पुढं केला. मी मॉड्यूल काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, कंपनीच्या पिशवीतून वर्षभर न काढलेलं. त्यांनी ते दुसऱ्या कंट्रोलरमध्ये बसवलं, केबल हलवली, आणि दोन मिनिटांत सर्व्हरला डिस्क दिसली. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. व्याख्यानं सगळी शाबूत होती. चाचण्यांच्या मार्कांचा डेटाबेस मात्र उघडेना. त्याचा बॅकअप मालकांनी त्याच पेटीत ठेवायला लावला होता, तोही अर्धवट लिहून मोडलेला. अण्णा दोन दिवस त्याच्यामागं लागले. हाती आलं नाही. त्या वर्षीचे चाचण्यांचे मार्क गेले.

झालं काय, तर एवढंच. पोरं पुढं मोठ्या परीक्षेला बसली, ज्यांना मार्क मिळायचे त्यांना मिळाले. कुणाच्या आयुष्याचं काही बिघडलं नाही. पण पालक फाटकाशी जमले होते, आणि पालकांना दाखवायला मालकांना एक माणूस हवा होता. "मशीन बिघडतंच, ते मला कळतंय. माणूस बदला," त्यांनी पुण्याला कळवलं.

चौकशी क्लासच्याच ऑफिसात झाली. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला अण्णा आणि मी, समोर स्क्रीनवर पुण्याचे साहेब. उंटावरून शेळ्या हाकायची सवय होतीच त्यांना, त्या दिवशी आवाजही चढलेला. त्यांनी तो अहवाल स्क्रीनवर उघडला.

"हे लॉगिन कोणाचं?"

"माझं," अण्णा म्हणाले.

"दोन्ही कंट्रोलरना स्वतंत्र जोडणी, हो. चाचणी घेतली, हो. हे कोणी लिहिलं?"

अण्णांनी हात पुढं घेतले. बोटांत बोटं गुंतवून ती टेबलावर ठेवली आणि समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिले. माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही. पंखा फिरत होता. ती जागा माझी होती, मला कळत होतं. 'मी लिहिलं' एवढे दोनच शब्द लागले असते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. माझ्याकडं कारणं होती. अशा वेळी सगळ्यांकडंच असतात, म्हणून ती इथं लिहीत नाही. साहेबही गप्प होते. अण्णा त्या दिवशी किनवटला होते हे त्यांच्याच रजिस्टरवर होतं. पण आपणच 'मॅनेज करा' म्हणालो होतो, हे आता कोण उकरून काढणार?

शेवटी अण्णाच म्हणाले, "साहेब, रिपोर्ट माझ्या नावावर हाय म्हणल्यावर जबाबदारी माझीच."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत अर्थासहित पाठ केली होती. तिच्यातला चोर फाशीच्या वेळी कुठं असतो ते म्हणीत सांगत नाहीत. तो तिथंच असतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

महिन्याभरात अण्णांचं सर्टिफिकेट रद्द झालं आणि कंपनीनं त्यांना निरोप दिला. जाताना त्यांनी किल्ल्या, लॅपटॉप, सगळं माझ्या ताब्यात दिलं, यादीवर माझी सही घेतली. मग कंपनीला सर्टिफिकेटवाला माणूस लागणारच होता. जी परीक्षा इतकी वर्षं पुढच्या वर्षावर जात होती ती एका आठवड्यात ठरली. तिच्यात एक प्रश्न होता, सर्व्हरच्या दोन केबल कुठं जोडाव्यात. मी बरोबर उत्तर दिलं. आता दोन्ही जिल्हे माझ्याकडं आहेत. हाताखाली दोघं नवे आहेत, आणि ते माझ्या लॉगिनवर काम करतात. पुण्याचे साहेब म्हणतात, बघू पुढच्या वर्षी.

नांदेडला महिन्यातून चारदा जायचो, पण अण्णांच्या भागातून जायचं टाळायचो. दीड वर्षांनी धीर झाला. खरं म्हणजे धीर झाला नाही, सहन होईना. रात्री झोप यायची, भूक लागायची, सगळं ठीक चालायचं, आणि त्याचीच मला किळस यायला लागली. साहेबांना आणि पेटीच्या कंपनीला पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलं होतं, तारखेसकट, काही न लपवता. ठरवलं, आधी अण्णांना सांगायचं, मग पाठवायचं. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

ते बाहेरच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्याची वायर गुंडाळत बसले होते. आता दुकानांना कॅमेरे बसवून देतात. केस पुष्कळ पिकले होते.

"ये. बस." जणू परवाच भेटलो होतो.

मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पत्र लिहिलंय, आज पाठवतो, माझी नोकरी जाईल तर जाऊ दे. त्यांनी वायर खाली ठेवली. दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी मी लई वेळ थांबलो होतो रे."

मला वर बघवेना.

"मी तुला वाचवलं असं डोक्यात घेऊ नको. मी काय देवमाणूस न्हाई. मी थांबलो होतो, तू बोलशील म्हणून. तू बोलला असतास तर मी बी बोललो असतो, की लॉगिन मी दिलं, माझी बी चूक हाय. दोघं मिळून शिव्या खाल्ल्या असत्या. तू बोललास न्हाई. मग तिथं बसून काय करू? पोरा, ह्यानं केलंय, असं बोट दाखवू? मला जमलं न्हाई ते."

"म्हणूनच आता..."

"आता ऐक. घरी येऊन मी सांगितलं, माझ्या हातनं चूक झाली. हिला सांगितलं, पोरीला सांगितलं, देगलूरला सासऱ्याला सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? तुझं नाव घेतलं असतं तर ही लातूरला तुझ्या दारात येऊन उभी राहिली असती. पहिलं पहिलं लई बोलली मला. पोरगी चार महिने नीट बोलंना. मग हळूहळू जिरलं ते घरात. माणसाकडनं चूक होते, बापाकडनं बी होते, असं धरून चाललेत ते. आता तू पत्र पाठवणार, ते फिरून इथं येणार. मग मी दीड वर्ष घरात खोटं बोललो, हे निघणार. अन् नोकरी काय, ती परत येत न्हाई. सर्टिफिकेट येत न्हाई. तुला हलकं वाटंल. बाकी कुणाला काय?"

"अण्णा, पण खरं ते..."

"खरं बोलायचा दिवस होता तो." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "पाठवू नको. एवढं तरी कर माझ्यासाठी. चल आत, जेवायची वेळ झालीय."

आत वहिनींनी ताटं घेतलीच होती. भाकरी, वरण, देगलूरकडं करतात तशी अंबाडीची चटणी. मुलगी मैत्रिणीकडं गेलेली. अण्णा माझ्या शेजारी खाली मान घालून जेवायला लागले. वहिनी समोर बसल्या. पदर सावरून त्या म्हणाल्या, "तुमी आलाव, बरं वाटलं. कंपनीतलं दुसरं कुणी फिरकलं न्हाई. तुमाला बी लई तरास झाला असंल ह्यांच्यापायी. लातूरचं समदं तुमीच निस्तरलाव म्हणं."

मी भाकरीचा तुकडा मोडत होतो.

"आधी कधी असं केलं न्हवतं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "एक एक वायर चार बार बघणारा माणूस. त्याच दिवशी काय झालं होतं की. तुमी होताव का तवा तिथं?"

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही, पण ते पुन्हा एकदा थांबले होते, आणि या वेळी मी बोलू नये म्हणून.

मी म्हणालो, "होतं असं, वहिनी. चूक कुणाच्याही हातून होते."

"तुमी तरी समजून घेतलाव त्यांना," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.